वडिलांचा रकाना

आम्हा स्टेनो लोकांकडे किस्से फार साठतात. जन्मभर ऐकायचं, टिपायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मग रिटायर झाल्यावर दुसरं काय होणार! माझे निम्मे किस्से एकाच साहेबांचे. हैदराबादला पोलीस हेडक्वार्टरमध्ये मी त्यांचा पीए होतो. साहेबांचं घराणं मूळचं नांदेडकडचं, पण ते वाढले हैदराबादच्या मलकपेठेत.

*

साहेब इतरांशी तेलुगू-उर्दू बोलायचे, माझ्याशी मराठी. ऑफिसला वाटे, काहीतरी सीक्रेट चाललंय! एकदा चुकीच्या ड्राफ्टवरून त्यांनी मला सणसणीत झापलं. बाहेर आलो तर सगळे दाराशीच. "क्या बोले साब?"

"बहुत काम करे, छुट्टी लेव बोले!" मी ठोकून दिलं.

दुपारपर्यंत तिघांचे रजेचे अर्ज टेबलावर!

*

मोबाइल तेव्हा नवे नवे आले होते. एका कंपनीचा टायवाला साहेबांना एक मोबाइल भेट द्यायला आला. "सर, अब कोई भी, कहीं भी, आपको फोन कर सकता!"

साहेबांनी डबा परत सरकवला. "इसीलिए नक्को."

*

इतर अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर घरकामाला सरकारी शिपाई, म्हणजे ऑर्डर्ली असत. आमच्या साहेबांनी कधी ठेवला नाही. भाजी आणायला स्वतः चिक्कडपल्लीच्या बाजारात, पायात स्लीपर. एका नव्या कॉन्स्टेबलनं साहेबांनाच "अंकल, हटो जरा" म्हणत पुढं घुसून फुकटची वांगी पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी तो केबिनमध्ये उभा. साहेब खुर्चीतून उठले. "आइए, बैठिए. मैं हटता हूँ!"

*

मग दिल्लीनं साहेबांचा बायोडेटा मागवला. केंद्रीय पोलीस दलाच्या प्रमुखपदासाठी दोनच नावं उरली होती, त्यातलं एक आमच्या साहेबांचं. वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी बेतानं 'सरकारी नोकरी' टाइप केलं. साहेबांनी ते खोडलं.

"ऑर्डर्ली लिहा."

"सर, दिल्लीवाले वाचणार..."

"म्हणूनच तर!"

लाज मला वाटली, त्यांना नाही. हे आजही कबूल करतो.

*

निवड समितीत एक रिटायर्ड बडे अधिकारी होते. साहेबांचे वडील ऑर्डर्ली होते ते त्यांच्याच बंगल्यावर! एका सकाळी त्यांचा फोन आला. पद्धतीप्रमाणे मी दुसऱ्या रिसीव्हरवर नोट्स घेत होतो.

"बायोडेटा देखा," ते म्हणाले. "आपके वालिद हमारे जूते चमकाते थे. याद है ना?"

माझी पेन्सिल थांबली. गेली दिल्ली, म्हटलं!

साहेब शांतपणे म्हणाले, "जी सर. लेकिन उनके हाथ में दर्द रहता था. जूते मैं चमकाता था."

"तभीच!" म्हातारा म्हणाला. "तुम ट्रेनिंग को गए, उसके बाद वैसी चमक आई नहीं."

फोन बंद झाला. साहेबांनी मला आत बोलावलं. "जोशी, सगळं घेतलंत?"

"सर, हेसुद्धा?"

"शब्दन् शब्द. फाइलला लावा."

साहेबांच्या नेमणुकीची ऑर्डर सोमवारी आली.