अर्धी साडी

डोळे मिटत आले की नंदेश्वरांना ते पत्र आठवतं. दहा महिने झाले, त्याला उत्तर गेलेलं नाही. उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला, पुस्तक परत न करणाऱ्या पोरांना स्मरणपत्रं धाडणारा हा माणूस. आणि स्वतःच्या उशाशी एक पत्र असं मुरत पडलं आहे.

पत्र आहे देवांगनाबाईंचं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. राहतात तीन गल्ल्या सोडून, मोठ्याने बोलल्या तर इथे ऐकू येईल. तरी पत्र टपालाने आलं. कारण त्या दोनदा दार वाजवून परत गेल्या, आणि दोन्ही वेळा नंदेश्वर आत खुर्चीवर श्वास रोखून बसले होते.

त्यात लिहिलं आहे: ‘भाऊ, जय भीम. कौतिकाला जाऊन वर्ष होत आलं. आमच्यात जी जाते तिच्या साडीचं बस्कर शिवतात, आणि जी नवी येते ती त्यावर बसते. रायाबाई म्हणून नवीन आल्या आहेत. त्यांचा मोठा मुलगा गेला. त्या सतरंजीच्या कडेला, अर्ध्या फरशीवर बसतात. कौतिकाची विहारात नेसायची साडी दिलीत तर बरं होईल. कोरी नको, अंगावर मऊ झालेली हवी.’

बायकोची अंगावर मऊ झालेली साडी घरात एकच उरली आहे. पांढरी, बारीक निळ्या काठाची. बाकीच्या साड्या बहिणींनी, भाच्यांनी नेल्या. ही मात्र नंदेश्वरांच्या उशीच्या अभ्र्यात आहे आणि जगात हे कोणालाच ठाऊक नाही.

जानेवारीचा रविवार. दुपारचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायथ्याशी येऊन पडलं आहे. नंदेश्वर कुशीवर वळतात, गाल उशीवर टेकतात. चार वाजता विहारात देवांगनाबाईंच्या त्या बाया बसतील, हा विचार रोज नसला तरी रविवारी येतोच. चौदा-पंधरा जणी. बहुतेकींनी विड्या वळून संसार केलेले, एकीने नगरपालिकेचे रस्ते झाडलेले, एक शाळेत आया होती. सगळ्यांचे गुडघे गेलेले. पांढऱ्या साड्या नेसून येतात, वंदना म्हणतात आणि मग तासभर डोळे मिटून नुसता श्वास बघतात. आत येतो तो, बाहेर जातो तो. त्याला त्या ध्यान वगैरे म्हणत नाहीत. बसणं म्हणतात. “बसायले जातो,” म्हणत कौतिका नऊ वर्षं जात होती, आणि येताना कोणाच्या तरी गोष्टीवर हसत येत होती. कोणाच्या, ते नंदेश्वरांनी विचारलं नाही. विचारावंसं वाटे, पण विचारलं की आपल्याला हेवा वाटतो हे तिला कळेल अशी भीती.

खरं तर तिच्या बोटांवरूनच हे सुरू झालं. पोरवयापासून विड्या वळलेली ती बोटं झोपेतही थांबत नसत. पान धरायचं, जर्दा घालायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, असं अंधारात चालूच. चाळीस वर्षं नंदेश्वर त्या हालचालीशेजारी झोपले. तिचं बसणं सुरू झाल्यावर वर्षभराने एका पहाटे त्यांच्या लक्षात आलं की बोटं शांत आहेत. चांगलंच झालं म्हणायचं. पण ते जागेच राहिले, त्या निवांत हातांकडे बघत. जे आपल्याला जमलं नाही ते त्या बायांनी कसं केलं, हा काटा त्या पहाटे रुतला तो रुतलाच.

आणि दुसरा काटा पुण्यानुमोदनाच्या दिवशी. कौतिकाच्या फोटोला हार घातलेला, लोक दोन शब्द बोलत होते. एक म्हातारी उठली आणि भाबडेपणाने म्हणाली की कौतिका पहिल्याच वर्षी बसता बसता पोरीचं नाव घेऊन ओक्साबोक्शी रडली, देवांगनाच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यानंतर तिला झोप यायला लागली. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंदेश्वरांनीही डोलावली. उत्पला सहा वर्षांची होऊन तापात गेली त्याला तेव्हा तीस-बत्तीस वर्षं झाली होती, आणि त्या सगळ्या वर्षांत कौतिका घरात एकदाही रडली नव्हती. मुलीचं दुःख दोघांचं, आणि रडणं मात्र परक्यांना दिलं.

ऊन पायथ्यावरून पोटऱ्यांवर सरकतं. पापण्या जड होतात.

ग्रंथालयात कोणी नाही. नंदेश्वर टेबलाशी बसून तारखेचा शिक्का मारताहेत. समोरच्या कपाटांत पुस्तकांऐवजी घड्या घातलेली बस्करं उभी लावली आहेत. प्रत्येकावर क्रमांक, त्यांच्याच अक्षरातला. जुन्या सुताचा वास येतो आहे. दोन कपाटांच्या मध्ये फरशीवर कौतिका बसली आहे, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. ती विशीतली आहे आणि अडुसष्टचीही आहे, आणि यात काही चूक आहे असं त्यांना वाटत नाही.

“इथे तंबाखू चालत नाही,” ते म्हणतात. भेटीचं पहिलं वाक्य हे असावं याची त्यांना लगेच लाज वाटते.

“माहीत हाय,” ती म्हणते. “पाटी वाचता येते मले. तुमीच शिकवलं.”

ते टेबलामागून उठत नाहीत. उठलो तर ती जाईल असं वाटतं. शिक्क्याची शाई बोटांना लागते, ती ते पुसत राहतात. मग जे दोन वर्षं घशात अडकलं आहे ते बाहेर पडतं.

“त्या बायांना काय काय सांगितलंस?”

“काई नाई.”

“नऊ वर्षं जात होतीस.”

“बसत होतो जी आमी. बोलाले कुठं जात होतो?”

“बसायला घरात जागा नव्हती? माझ्याजवळ बसायचंस.”

कौतिका पान कात्रीने कापते. “तुमच्याजवळ बसलं का तुमी पुस्तक उघडता,” ती म्हणते, आणि तिला हसू येतं. जुनंच हसू, वरचा ओठ दातांवर ओढून घेतलेलं.

हे खरं आहे. त्यांना वाद घालायचा असतो, पण कपाटं विहाराची भिंत झाली आहेत आणि ते दारात उभे आहेत. आत सगळ्या जणी डोळे मिटून बसल्या आहेत. खोलीभर श्वास नुसता. वर जातो, खाली येतो, झोपलेल्या गुरासारखा उबदार. देवांगनाबाईंच्या चष्म्याला दोरी बांधली आहे. एकीचं तोंड किंचित उघडं पडलं आहे. तीस हात मांड्यांवर ठेवलेले, आणि एकाही हाताचं बोट हलत नाही. नंदेश्वर खाकरतात. कोणी डोळे उघडत नाही. एवढी वर्षं आपण ज्यांच्यावर जळलो त्यांना आपण उभे आहोत याचाही पत्ता नाही, हे त्यांना फार लागतं.

मधोमध एक जागा रिकामी आहे. तिच्या पलीकडे, सतरंजीच्या कडेला, एक काळीसावळी बाई अर्धी फरशीवर बसली आहे. तिचा पदर हनुवटीखाली ओला झाला आहे. नंदेश्वर तिच्याकडे बघायचं टाळतात. ते रिकाम्या जागेकडे निघतात.

“तिथं नाई,” कौतिका मागून म्हणते. “ते बायांचं हाय.”

“मग माझं कुठे?”

“तुमची जागा दारात. दारात हवाबी चांगली येते.”

ते थांबतात. पायाखाली फरशी थंड आहे, फिनेलने पुसलेली. हा दवाखान्याचा व्हरांडा आहे. लाकडी बाकाखाली उत्पलाच्या लाल चपला नीट जोडून ठेवल्या आहेत. आतल्या दाराला हिरवा पडदा आहे आणि पडद्याआड कोणी तरी भांडं हळू ठेवतं. बाकावर कौतिका बसली आहे, आणि तिच्याशेजारी खांद्याला झोळी अडकवलेला एक काळ्या केसांचा माणूस. नंदेश्वर त्याला ओळखतात. त्याने आता काही बोलू नये असं त्यांना वाटतं. तो बोलतो.

“रडू नको, कौतिका. तू रडलीस तर माझ्याच्याने उभं राहवणार नाही.”

आवाज त्यांचाच. हे वाक्य ते साफ विसरले होते. वाचलेल्या पुस्तकांची पानंच्या पानं पाठ असलेला माणूस, आणि हे एवढंसं वाक्य त्यांच्या डोक्यात कुठेच उरलं नव्हतं.

कौतिका त्यांच्याकडे बघते. तिच्या नजरेत राग नाही. राग असता तर सोपं गेलं असतं.

“तुमीच तं म्हनलं होतं जी,” ती म्हणते. “मी ऐकलं.”

पडद्याआडचं भांडं पुन्हा वाजत नाही. नंदेश्वर बाकावर बसतात. त्यांना म्हणायचं असतं की मी त्या दिवसापुरतं म्हणालो होतो, जन्मभराचं नव्हतं.

“मंग तसं सांगाचं होतं,” ती म्हणते. त्यांनी तोंड उघडलेलं नसताना. “एका दिवशी म्हनाचं होतं, आता रड म्हनून. मी वाट पाह्यली.”

दोघं चपलांकडे बघतात. मग ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवते. हात निवांत आहे.

“साडी देऊन टाका.”

“नाही देणार.” सहा वर्षांच्या पोरासारखं ते म्हणतात. “त्या रायाबाईला मी ओळखत नाही.”

“मीबी नाई ओळखत. मी बसलो त्या बस्करावरची भागाबाई, तिले मी कुठं पाह्यलं होतं? तिच्या लुगड्यावर बसून रडलो मी. तुमच्या पोरीसाठी.”

“मग माझ्याजवळ काय राहील?”

यावर ती खरोखर हसते, व्हरांड्यात घुमेल इतकं. “नऊवारीची सहावारी झाली, तवा कोनी मेलं का? सहावारीची तीनवारी करा. जळक्या माणसाले अर्धं पुरते.” मग सुपातला दोरा उचलते. “बोट आना इकडं. विसरून जाल.”

ते बोट पुढे करतात. ती दोरा गुंडाळते, दातांनी तोडते. तिचा श्वास त्यांच्या मनगटावर लागतो, आत येतो तो, बाहेर

ऊन तोंडावर आलं आहे. नंदेश्वर पलंगावर आहेत, गाल ओला, उशीही ओली. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. रडत होतो की काय, असं त्यांच्या मनात येतं. मग लक्षात येतं की अजूनही रडतो आहोत. घरात कोणी नाही. थांबवायला कोणी नाही. ते थांबत नाहीत.

नाक पुसायला उजवा हात उचलतात तेव्हा त्यांना तो दिसतो. तर्जनीच्या पेराखाली निळा दोरा. साडीच्या काठाचा असावा, झोपेत अभ्र्यातून ओढला गेला असावा. पण त्याला तीन वेढे आहेत, एकावर एक न चढता नीट शेजारी बसलेले, आणि शेवटचं टोक वेढ्याखाली दाबून बसवलेलं. विडीला बसवतात तसं. नंदेश्वर डाव्या हाताने, दुसऱ्या बोटावर, दुसऱ्या दोऱ्याने तसं करून बघतात. जमत नाही. चाळीस वर्षं बघूनही त्यांना ते कधी जमलं नव्हतं.

मग ते टेबलाशी बसतात. पहिला कागद फार पुस्तकी होतो. दुसऱ्यात उशिराची कारणंच अर्धं पान खातात. तिसऱ्यात ‘आपल्या मंडळाचे कार्य’ असे शब्द येतात आणि ते स्वतःवरच वैतागतात. चौथ्यावर मात्र खाडाखोड न करता लिहितात:

‘देवांगनाताई, जय भीम. उत्तराला दहा महिने लागले. तुम्ही दार वाजवलं तेव्हा मी घरात होतो. साडी आहे. अर्धी देतो, अर्धी मला लागते. तुमच्याजवळ कौतिका रडली याचा मला राग होता. तिला रडू नको असं मीच सांगितलं होतं, हे मी विसरलो होतो. पुढच्या रविवारी चारच्या आधी साडी घेऊन येईन. मला बसता येत नाही. दारात थांबलो तर चालेल का, ते कळवावं. आणि रायाबाईंना तोवर फरशीवर बसू देऊ नका, थंडी आहे. तुळशीराम नंदेश्वर.’

टपालाची पेटी विहाराच्या कोपऱ्यावर आहे. नंदेश्वर चष्मा लावून, मफलर गुंडाळून निघतात. विहाराचं दार अर्धं लोटलेलं आहे. पायरीपाशी चपलांची रांग, टाचेला झिजलेल्या, एका जोडाचा अंगठा तारेने शिवलेला. आतून काहीच ऐकू येत नाही. पत्र हातात आहे. दोन पायऱ्या चढून उंबऱ्यावर ठेवलं तरी झालं असतं. ते पहिल्या पायरीपर्यंत जातात. मग नेहमीप्रमाणे धीर खचतो आणि ते पेटीकडे वळतात.

पेटीचं झाकण गंजलं आहे. पत्र तोंडाशी धरून ते क्षणभर उभे राहतात. ‘अर्धी’ हा शब्द फार कोता वाटेल का. रागाचं लिहायला नको होतं का. तेवढ्यात विहारातून एकदम खूप माणसांनी सोडलेल्या श्वासासारखा आवाज येतो. तास संपलेला नाही, कोणी बोलत नाही. नुसता श्वास.

त्यांच्या बोटांतून पत्र सुटतं. आत पडल्याचा हलका आवाज येतो. ते झाकण उचलून हात घालून बघतात, दोरा बांधलेलं बोट पेटीच्या कडेला घासतं. पत्र हाताला लागत नाही.