गाय, म्हैस आणि एका पेटीतले दोन कॉम्प्युटर

मंगलच्या दुकानात माळ्यावर मोडक्या कीबोर्डांचा ढीग असायचा. एकही कामाचा नाही, पण टाकू म्हटलं की ती म्हणायची, "राहू दे आई, एखादं बटण लागेल." तिथल्या गोष्टींचं माझ्याकडं तसंच झालंय. टाकवत नाहीत. शाळेची पायरी मी चढले नाही, त्यामुळं लिहून ठेवायची सोय नव्हती. जे काही ठेवलं ते डोक्यातच. आता नात लिहून घेतीय, तर घ्या म्हटलं!

* * *

मंगल माझी लेक. आमच्या घरात शाळा बघणारी पहिलीच. पुण्यात शिकली आणि बारामतीत स्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली होती. एवढी पोर एकटी कशी ठेवायची, म्हणून मी दिवसभर तिथंच स्टुलावर.

एक दिवस एक गुरुजी आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "मावशी, इंजिनिअरसाहेब कुठं हायत?"

मंगल टेबलाखाली वायरी शोधत होती. नुसते पाय बाहेर.

मी म्हणाले, "त्ये काय, पैंजण दिसत्यात न्हवं? त्येच साहेब!"

* * *

पुढं कळस गावाकडच्या एका दूध डेअरीचं काम मिळालं. चेअरमन तात्या माणूस शब्दाचा पक्का, पण नव्या गोष्टीला बिचकणारा. दुधाच्या काट्याबरोबर आलेला त्यांचा प्रोग्राम जुना, एका वेळी एकाच जातीचं दूध मोजणारा. म्हणून त्यांना दोन कॉम्प्युटर घ्यायचे होते, एक गाईला, एक म्हशीला.

मंगल म्हणाली, "तात्या, एकच घ्या. त्याच्या पोटात मी दोन खोटे कॉम्प्युटर बसवून देते. दोघांनाही वाटंल, आपण एकटेच आहोत."

तात्या म्हणाले, "आन् भांडलं म्हंजी?"

"नाही भांडणार. माझी जबाबदारी."

झालं! शब्द देऊन बसली.

परत येताना एस.टी.त मी विचारलं, खोटा कॉम्प्युटर म्हणजे काय गं? ती म्हणाली, "आई, सगळ्याच्या वर एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. आतला कॉम्प्युटर महत्त्वाच्या गोष्टीला हात लावायला गेला की कर्नल त्याला अडवतो आणि स्वतः करून देतो."

"म्हंजी सून मिठाच्या बरणीकडं गेली की सासू उठून पुढं!"

"अगदी तसंच! आणि या नव्या प्रोसेसरमध्ये एक सोय आलीय. बारीकसारीक मिठासाठी सासूला उठवायचं नाही. सुनेनं परस्पर घ्यायचं."

मी म्हणाले, "असल्याच घरात भांडणं होत्यात."

मंगल खूप हसली. महिन्याभरानं मात्र हसली नाही.

* * *

एका सकाळी डेअरीवरून निरोप आला, मशीन बंद पडलं. आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या आकड्यांच्या ओळी येऊन सगळं गोठलं होतं म्हणे. म्हणे अशासाठी, की आम्ही पोचेपर्यंत ऑपरेटर बबनरावांनी बटण बंद करून मशीन परत चालू केलेलं!

मंगलनं कपाळाला हात लावला. "बबनराव, त्या आकड्यांतच कळतं कर्नल कुठं पडला ते. मशीन मेल्यावर ते कुठं साठत नाहीत. हातानं कागदावर उतरून घ्यावे लागतात."

"पन ताई, पडदा लई खराब दिसत हुता. म्हटलं तुमी यायच्या आत साफ करून ठेवावा."

मला राहवेना. "अवो बबनराव, डागदर यायच्या आधी पेशंटाला न्हाऊ घालून, पावडर लावून बसवताय व्हय!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळचं दूध चालू असताना आम्ही दोघी तिथंच. माझा स्टूल बटणासमोर.

* * *

मशीन पडायचं ते सकाळीच. संध्याकाळी एकदाही नाही. आकड्यांनी वह्या भरल्या. मंगलला एवढं कळलं, की सासू पडते ती मिठाच्याच भानगडीत. पण रोज शेकडो वेळा मीठ घेतलं जातं, मग एखाद्याच वेळी का? ते काही सापडेना. दुकानात तिनं तसंच सगळं मांडून बघितलं, तर तिथलं मशीन जुन्या प्रोसेसरचं. ठणठणीत!

गाव कुठं गप्प बसतंय? कुणी लिंबू-मिरची बांधली. कुणी म्हणालं अर्थिंग कच्चं आहे, खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता. बबनराव मनापासून ओतायला लागले. आठवड्यात खड्ड्याला असा वास सुटला की थांबवेना. नळ लांब, म्हणून ते तपासणीचं उरलेलं दूध ओतत होते!

मशीन पडायचं काही थांबलं नाही. मांजरं मात्र गुटगुटीत झाली.

* * *

शेवटी तात्यांनी मंगलला बोलावलं. "पोरी, बायाबापड्या कॅन घिऊन उन्हात थांबत्यात. शनिवारी पुण्यास्नं डीलरचा मानूस यील. त्यो म्हनतो, तुजी सिस्टीम काढायची आन् दुसरा कॉम्प्युटर आनायचा. तवर तुला जमलं तर बग."

मंगल घरी येऊन जेवली नाही. नुसती वही चाळत बसली. "इथलं काम गेलं की तालुक्यात कुणी दारात उभं करणार नाही, आई. पोरीला जमलं नाही, एवढंच लोक म्हणतील." मग म्हणाली, "काय झालं की पडतं, एवढं कळायला पाहिजे. त्याच्या आधी काय घडलं ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही."

मी म्हणाले, "लिवलं न्हाय, पन मी तितंच बसले हुते की."

"म्हणजे?"

"सोमवारी पडलं तवा आधी शांताची गाय, मग हौसाची म्हैस, मग पारूकाकूची म्हैस, आन् तिचीच गाय. मंगळवारी इठाबाईची गाय, पारूकाकूची म्हैस, पारूकाकूची गाय..."

मंगल लिहीत गेली. मशीन सात वेळा पडलेलं, सातही वेळचं सांगितलं. मग पेन खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिली.

पारूकाकू म्हणजे चेअरमन तात्यांच्या मंडळी. दोन्ही जातीचं दूध एका खेपेत आणणाऱ्या त्या एकट्याच. बाकी बायका एकेक पुढं यायच्या, तेवढ्यात पहिली पावती छापून व्हायची. पारूकाकूंना धीर नाही. म्हशीची पावती अजून छापतेय तोवर गाईचा कॅन काट्यावर! दोन्ही सुनांचा हात एकदम बरणीत. आणि संध्याकाळचं दूध त्या घरीच विरजतात.

* * *

शनिवारी डीलरचा माणूस आला. टाय लावलेला. तासभर मशीन एकदाही अडलं नाही. तो तात्यांना म्हणाला, "मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरची सिस्टीम आहे ही! कारण सापडायची वाट बघत बसाल तर वर्ष जाईल."

मंगल शांतपणे म्हणाली, "कारण घरी आहे, बोलवा. पारूकाकूंना म्हणावं, दोन्ही कॅन घेऊन या."

तात्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण निरोप गेला. पारूकाकू आल्या, नेहमीच्या घाईत. म्हशीचा कॅन ठेवला. उचलला. पावती अर्धी बाहेर, तोवर गाईचा ठेवला.

पडदा काळा. आकडेच आकडे!

टायवाला खुर्चीतून उठला. मंगल बसली. मशीन परत चालू केलं आणि कर्नलला सांगितलं, की प्रोसेसरची ती नवी सोय वापरायचीच नाही. मीठ पाहिजे तर सासूला हाक मारायची, पहिल्यासारखं. "काकू, परत ठेवा."

काकूंनी ठेवलं. पावती आली. परत ठेवलं, परत आली. दहा वेळा म्हैस-गाय, म्हैस-गाय! बबनराव पावत्या हातात धरून नाचायचे राहिले होते.

तात्या टायवाल्याला म्हणाले, "साहेब, च्या घ्या आन् गाडी गाठा. दुसरा कॉम्प्युटर नगं." मग भरल्या डेअरीत बायकोकडं वळून म्हणाले, "म्हंजी इतकं दिवस तू आलीस की बंद पडत हुतं व्हय ह्ये!"

पारूकाकूंनी दोन्ही कॅन उचलले, पदर खोचला.

"अवो, मी आले की तीस वर्सं तुमी बी बंदच पडतायसा. ह्येला तर या पोरीनं बोलतं केलं. तुमाला कुनाकडं न्हिऊ?"