टाकीच्या झाकणाखालची चकती

हमीदभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीने, रेहानाने, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घडी घालून गठ्ठ्यावर ठेवत होते. "आंटी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता दीड महिना झाला. ईशा, नील, तुम्हाला हमीदभाई आठवत असतील ते सुट्टीत तुम्ही आलात की पिशवीभर पेरू घेऊन येणारे उंच, पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणून. मी त्यांना एवढं का मानायची, हे तुम्ही एकदा विचारलं होतं आणि मी विषय बदलला होता. ते सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून लवकर निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुना ट्रक घेतला. कळवणकडचे टोमॅटो, कोबी वाशीच्या बाजारात पोचवायचे. चालवायला निवृत्ती नावाचा ड्रायव्हर होता. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. ट्रकमधलं मला काही कळत नव्हतं, पण कुठलीही गोष्ट नोंदीशिवाय चालावी हे मला सहन होत नसे. म्हणून मी एक वही केली. गाडी किती वाजता निघाली, टाकी किती भरली होती, कुठे थांबली, का थांबली, सगळं निवृत्तीला विचारून लिहायची. तो म्हणायचा, "मॅडम, मी गाडी चालवतो का परीक्षा देतो?"

सिन्नर फाट्याजवळ हमीदभाईंनी तेव्हा नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. आधी बरीच वर्षं दुसऱ्याकडे हाताखाली काम केलेलं. पत्र्याची शेड, एक बाकडं, आणि नाक्यावरच्या ट्रकवाल्यांमध्ये हळूहळू होऊ लागलेलं नाव, एवढीच त्यांची मिळकत. आमच्या ट्रकचा डिझेल पंप त्यांनी उतरवून दुरुस्त केला, पुन्हा बसवला, आणि टाकीला चकचकीत निळा रंगही दिला. गाडी घरी आली तेव्हा मी पाहिलं, तर झाकणातून डिझेल उसळून त्या नव्या रंगावर ओघळ आले होते. मला ते बघवेना. घरात शेकायची एक फाटकी रबरी पिशवी होती. कंपासने तिच्यावर नीट वर्तुळ आखून मी एक चकती कापली आणि झाकणाच्या आत घट्ट बसवली. ओघळ थांबले. असल्या बारीकसारीक कामाचं कुणाला काय सांगायचं, म्हणून मी बोललेही नाही.

दुसऱ्याच दिवशी घोटीच्या अलीकडे गाडीने दम तोडला. निवृत्ती सांगत होता, "रेस दाबली तरी उचलतच नाय, झटके देती लय. चहा पिऊन आलो तर शहाण्यावानी पळायला लागली!" पुढच्या खेपेला पुन्हा तेच. हमीदभाईंनी फिल्टर बदलला, नळ्यांमध्ये हवा शिरते का ते तपासलं, पंप पुन्हा उघडून पाहिला. गॅरेजमध्ये उभी असताना गाडीला काहीच होत नव्हतं. वाशीला माल दोनदा उशिरा पोचला आणि आजोबांचा संयम संपला. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चार ट्रकवाल्यांसमोर ते म्हणाले, "चांगला पंप होता, याने बिघडवून ठेवला." नव्या गॅरेजवाल्यासाठी ते एक वाक्य पुरेसं असतं.

मग मी पुढे झाले. माझी वही म्हणजे पुरावाच होता! दुरुस्तीआधी गाडी अशी अडत नव्हती, दुरुस्तीनंतर अडायला लागली; दोष कुणाचा हे उघड होतं. निवृत्तीबरोबर मी स्वतः गॅरेजवर गेले आणि वही हमीदभाईंसमोर उघडली. त्यांनी हात पुसले. म्हणाले, "मला वाचता येतं थोडं, पण तुम्ही वाचा मॅडम. एकही दिवस सोडू नका." मी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. टाकी काठोकाठ भरून निघाली त्या दिवशी गाडी घोटीच्या आतच अडली. टाकी अर्धी होती त्या दिवशी पार पुढे कसाऱ्यापर्यंत गेली. डिझेल भरायला थांबली की त्यानंतर काही अंतर ठीक. "परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"चला, मोहदरी घाटात जाऊ."

घाटाच्या चढावर गाडीने आचके द्यायला सुरुवात केली. मी केबिनमध्ये दांडीला धरून बसले होते. मला वाटलं, आता हमीदभाई इंजिन उघडतील. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. निवृत्तीला ब्रेकवर पाय ठेवून बसायला सांगून ते सरळ टाकीपाशी गेले. मीही उतरून मागे गेले. त्यांनी झाकण फिरवलं मात्र, आतून 'सूऽऽ' असा लांब आवाज आला, जणू टाकीने कितीतरी वेळाने श्वास घेतला. त्यांनी झाकण उलटं केलं. माझी चकती.

"झाकणाला बारीक भोक असतं मॅडम. डिझेल जाईल तशी आत हवा यायला पाहिजे. नाही आली तर टाकी डिझेल सोडत नाही. काठोकाठ भरली की आत हवा कमी, म्हणून लवकर अडते." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांनी वाचला असणार, कारण 'कुणी केलं' हे त्यांनी विचारलंच नाही. चकती बोटांवर फिरवून पाहिली, म्हणाले, "काय गोल कापली आहे!" आणि खिशात टाकली. निवृत्तीला त्यांनी एवढंच सांगितलं, "भोक बुजलं होतं. चल, मार रेस." गाडी घाट चढून गेली.

निवृत्तीने घरी तेच सांगितलं. आजोबा म्हणाले, "बघ! रंग देताना यानेच भोक बुजवलं असणार." मी चहा गाळत होते. गाळतच राहिले. आयुष्यभर मुलांना 'खरं बोला' हे इंग्रजीतून आणि मराठीतून सांगणारी मी, आठ दिवस गप्प बसले... नवव्या दिवशी निवृत्ती सहज बोलून गेला की नाक्यावरच्या दोन गाड्या हमीदभाईंकडे जायच्या त्या आता दुसरीकडे लागल्या. त्या दिवशी पोह्यांची बशी पुढे ठेवून मी आजोबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बशी बाजूला सारली आणि चपला घातल्या. "चल. मी टपरीवर बोललो होतो, तिथेच बोलायला हवं."

बोलले मात्र मी. हमीदभाईंना शेडमधून बोलावून घेतलं आणि टपरीवरच्या सगळ्यांसमोर म्हटलं, "पंप नीटच होता. झाकणात रबर कापून बसवलं आणि टाकीची हवा मी बंद केली, यांचा काही दोष नाही. आणि हे सांगायला मला आठ दिवस लागले, तोही दोष माझाच." हमीदभाई मान खाली घालून पुटपुटले, "अहो मॅडम, काय हे... आधी चहा घ्या." एका ट्रकवाल्याने लगेच हाक दिली, "हमीदभाई, मॅडमला कामावर घ्या, रबर झकास कापतात!" सगळे हसले, आणि मीही. आजोबांनी पुढे होऊन हमीदभाईंचा काळा हात दोन्ही हातांत धरला. त्या दोन गाड्या पुढच्या आठवड्यात परत आल्या.

नंतरच्या इतक्या वर्षांत त्या प्रसंगाचा त्यांनी एकदाही, थट्टेनेसुद्धा, उल्लेख केला नाही. रेहाना माझ्याकडे इंग्रजी शिकायला येऊ लागली. आजोबा आजारी होते तेव्हा दवाखान्यात न्यायला हमीदभाई दर सोमवारी हजर असायचे. आणि तुम्ही फोनवर 'आजी, काहीच नीट चालत नाहीये' म्हणता, तेव्हा मी जे विचारते ना, 'सगळं ठीक होतं त्यानंतर कशाकशाला हात लावला?', तो प्रश्न त्यांचा. गॅरेजवर आलेल्या प्रत्येकाला ते तो आधी विचारायचे. मला मात्र त्या दिवशी घाटात विचारला नव्हता.

ती चकती त्यांनी, आम्ही टपरीवर गेलो त्याच आठवड्यात, परत आणून दिली होती, तापलेल्या खिळ्याने मधोमध भोक पाडून. "आता लावा, ओघळही येणार नाहीत." ट्रक विकेपर्यंत ती झाकणात होती, मग माझ्या कंपासच्या डब्यात आली. परवा डबा उघडला. रबर कडक झालं आहे, भोक मात्र अगदी मध्यावर आहे. इतकं नेमकं कसं जमलं, असं मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "जागा तर तुमच्या कंपासनेच टोचून ठेवली होती, मॅडम. मी फक्त आरपार केलं."