मालनकाकींचा नवा अँटेना

आमच्या मजल्यावर सातशे तीन नंबरच्या दारावर पत्र्याची एक जुनी पाटी आहे. 'कुशाबा घाडी. टीव्ही अँटेना, बूस्टर, दुरुस्ती.' लालबागची आमची चाळ पाडून तिच्या जागी ही बावीस मजली इमारत उभी राहिली, तेव्हा बाकीच्यांनी पितळेच्या नव्या पाट्या करून घेतल्या. मालनकाकींनी मात्र चाळीच्या दारावरची पाटी स्वतः स्क्रू काढून आणली आणि स्वतःच बसवली. कुशाबाकाका तोवर गेले होते. अँटेना लावून घ्यायला आता कोणी येत नव्हतं. पाटी राहिली.

मी दादरहून लग्न होऊन इथे आले तेव्हा केबल आली होती, तरी काकांचा धंदा थोडाफार चालू होता. मिल बंद पडल्यावर त्यांनी तो धरला, आणि धंदा म्हणायचा तर तो दोघांचा होता. काका कौलांवर चढायचे. काकी खाली गिऱ्हाइकाच्या खोलीत टीव्हीसमोर बसायच्या. काका वर दांडा फिरवणार, काकी खालून ओरडणार, "इलां! गेलां! वायच डाव्या बाजूक! आता हात काढा!" 'इलां' म्हणजे चित्र आलं, 'वायच' म्हणजे जरासं. मालवणी हेल, आवाज असा की चिवड्याच्या गल्लीतली माणसं वर बघायची. अँटेनाचं तोंड कायम वरळीकडे, कारण दूरदर्शनचा मनोरा तिथे. दांड्या कायम आडव्या. काकींच्या अंगात हे इतकं भिनलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी वरळीकडे बोट केलं असतं.

काकांची आणखी एक सवय होती. कोणाच्या छपरावर उशीर होणार असेल तर चाळीखालच्या वाण्याकडे फोन करायचे, "उशीर होतोय, जेवून घ्या." काकी जेवायच्या नाहीत, पण निरोपाची वाट बघायच्या.

त्यांची मुलगी रुपाली एका मालवाहू विमान कंपनीत आखातात नोकरीला आहे. विमानात सामान कुठे किती ठेवायचं, तोल कसा राखायचा हे ती बघते आणि त्याच विमानातून जाते. एकवीस सालच्या कोविडमध्ये काका गेले, तेव्हा तिला येता आलं नाही. प्रवासी विमानंच बंद होती. ती आली दोन महिन्यांनी. बॅग हातात घेऊन दारात उभी राहिली आणि काकी म्हणाल्या, "आता कशाक इलंस?"

मी तेव्हा तिथेच होते, डबा द्यायला गेले होते. रुपालीने चपला काढल्या, आत गेली, चार दिवस राहिली आणि परत गेली. त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता फोन यायचा. "जेवलंस काय?" "हो." "बरी आहेस?" "हो. तू?" तीन मिनिटं. काकी फोन ठेवायच्या आणि माझ्याकडे येऊन चहा मागायच्या. एकदाच म्हणाल्या, "अपूर्वा, तोंडातून गेलेलं परत घेता येत नाय गो." पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी मात्र फोन चार मिनिटं चालला. काकी तशाच माझ्या स्वयंपाकघरात आल्या.

"ता आपल्या डोक्यावरून जाता."

"कोण?"

"रुपाली. दर गुरुवारी. सकाळी साडेदहाच्या सुमारास. सहज बोलली, मुंबईवरून जातो आम्ही. मी म्हटलं, मग सांगितलं नाहीस कधी? तर म्हणते, काय सांगू, खाली थोडंच उतरायचंय?"

मी मोबाइलवर विमानं दाखवणारं एक ॲप उघडून दिलं. नकाशावर पिवळी पिवळी विमानं सरकत होती. काकींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्या ॲपवाल्यांना कसं कळतं?"

मी बीएस्सी केलंय फिजिक्समध्ये, पण तीस वर्षांत त्याचा उपयोग कुकरच्या शिट्टीपुढे गेलेला नाही. म्हणून आधी वाचलं, मग सांगितलं. विमान दर सेकंदाला आपला नंबर, उंची आणि जागा हवेत सांगत असतं. जगभरातली साधी माणसं घराच्या छतावर हातभर अँटेना लावतात, ते ऐकतात आणि या ॲपला देतात.

"म्हणजे हे लोकांनी ऐकलेलं," काकी म्हणाल्या. "उष्टं."

"उष्टं काय त्यात, काकी? दिसतंय ना?"

"घरच्या अँटेनावर येतं ना ते? मग माझ्या घरात यायला काय झालं?"

दोन दिवसांनी आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने आम्हाला आधी डिशच्या सेटटॉप बॉक्सकडे पाठवलं. काकी म्हणाल्या, "अरे बाबा, सिरियल नाय बघायची. विमान ऐकायचंय." त्याने हातातला चहा खाली ठेवला. पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर, काड्यापेटीपेक्षा जरा मोठा कॉम्प्युटर आणि पांढऱ्या नळीतली अँटेनाची काठी, असं सगळं एका पिशवीत आलं. पाइप, क्लॅम्प आणि पाना घरचाच. कुशाबाकाकांची पत्र्याची पेटी काकींनी माळ्यावरून काढली, तर आत प्रत्येक नट वर्तमानपत्राच्या पुडीत होता.

गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते. हितेंद्र आमच्या डोळ्यांदेखत वाढलेला, पण सेक्रेटरी झाल्यापासून घसा साफ करून बोलतो.

"काकी, असं कुठलंही उपकरण लावता येत नाही. रेडिएशनचा प्रश्न आहे."

"तो काही सोडत नाही," मी म्हटलं. "नुसता ऐकतो."

"बघ," काकी म्हणाल्या, "तुझ्या अगदी उलट. सोसायटीच्या सभेत त्यालाच बसवूया. आणि मेल्या, तुझ्या घरचा पहिला रंगीत टीव्ही कोणी लावला? तुझी आई माझ्या मागे उभी राहून ओरडत होती, मालन, मला माणसं हिरवी दिसतात!"

हितेंद्र हसला आणि महिनाअखेरपर्यंत चावी दिली. लिफ्टच्या मशीनरूममध्ये प्लग होता, सीसीटीव्हीचं इंटरनेटही. डबी तिथे ठेवायची, काठी बाहेर पाइपवर, आणि नकाशा माझ्या टॅबवर. "तेवढे दिवस बघू, मग कमिटीत ठेवू," असं म्हणून तो गेला.

बावीस मजल्यांवर वारा असा की पदर खोचूनही उडत होता. काकींनी चारी बाजूंना पाहिलं. वरळीचा मनोरा कुठे दिसेना, मध्ये काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात. काकींनी डोळे मिटले, मग उघडले आणि बोट केलं. "तिकडे." मी मोबाइलवर दिशा बघितली. बरोबर वरळी. काकींनी काठी आडवी धरली, तिचं टोक वरळीकडे केलं आणि क्लॅम्प आवळला. काकांनी आवळला असता तितकाच, शेवटचा अर्धा फेरा दात आवळून. मी पाइप धरून उभी होते. मला काही विचारावंसं वाटलं नाही. त्या हातांना काय विचारायचं?

खाली आलो. टॅबवर चार विमानं आली. चेंबूरवरून उतरणारं एक, कुर्ल्याजवळचं एक. काकींनी टॅबला हात जोडले.

गुरुवारी दहालाच त्या आंघोळ करून, केसात अबोली माळून माझ्याकडे आल्या. रुपालीच्या विमानाचा नंबर, त्या रविवारी फोनवर विचारून ठेवलेला, त्यांनी तळहातावर पेनाने लिहिला होता. साडेदहा वाजले, अकरा वाजले. विमानतळाजवळची विमानं येत होती, पुसली जात होती. तो नंबर आला नाही. माझ्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये मात्र ते विमान शांतपणे समुद्रावरून आलं, मुंबईवरून गेलं आणि माळशेजकडे सरकलं. मी मोबाइल लपवायला हवा होता. काकींनी पाहिलं होतं.

"गेलं ना ते? वरून गेलं?"

"गेलं."

"आणि आपल्याला ऐकू नाही आलं."

पुढच्या गुरुवारीही तेच झालं. अबोली होती, तळहातावर नंबर होता. या वेळी काकींनी उठताना टॅबवरचं कव्हर नीट लावलं आणि दारात थांबून म्हणाल्या, "रागावलंय ते माझ्यावर. सगळ्या जगाला सांगतंय कुठे आहे ते, फक्त माझ्याच घरात बोलत नाय."

"काकी, यंत्र आहे ते."

"यंत्र असेल, पण गप्प माझ्याच घरात का?"

मला त्या दिवशी भाजी निवडतानाही चैन पडेना. शनिवारी भारतमाता थिएटरच्या सिग्नलला पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या टपावर वायरलेसची काठी, ताठ उभी. हवालदाराच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी, त्याचीही उभी. सिग्नल हिरवा झाला, टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला तरी मी झेब्रा क्रॉसिंगवर तशीच. लाट आडवी सोडली तर आडव्या दांडीने पकडायची, उभी सोडली तर उभ्या. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. टीव्हीच्या लाटा आडव्या यायच्या, म्हणून काकांच्या दांड्या जन्मभर आडव्या. विमान बोलतं ते उभं. आणि त्याला वरळीशी काय देणंघेणं?

घरी येऊन काठीसोबतचा कागद शोधला. फोडणीच्या डब्याखाली होता. चित्रात काठी उभी.

काकींना सांगणं मला जड गेलं. त्या पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांनी उभ्या आयुष्यात अँटेना उभा लावला नाय."

"काकांचं बरोबरच होतं. हे वेगळं आहे."

"त्यांनी हजारेक लावले असतील. एकाचंही चित्र गेलं नाही."

"हो, काकी."

त्यांनी पोळी तव्यावर टाकली आणि मला चहा विचारला नाही. रविवार, सोमवार, मंगळवार माझ्याकडे चहालाही आल्या नाहीत. बुधवारी दुपारी बेल वाजली. हातात पाना. "चल. माका एकटीक पाइप धरून होत नाय."

गच्चीवर त्यांनी क्लॅम्प सैल केला. काठी हातात घेऊन थोडा वेळ तशीच धरली, तोंड वरळीकडे. मग उभी केली. ओळंब्यात आहे का ते लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, परत आल्या, बोटभर हलवली, आवळली. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, काकांची पद्धत. "पाणी शिरता कामा नये," एवढंच म्हणाल्या.

खाली आलो तर टॅबवर विमानंच विमानं. समुद्रावर, डहाणूच्या वर, रत्नागिरीच्या खाली. मी मोजायचं सोडून दिलं.

गुरुवारी काकी म्हणाल्या, "आज मी वर जाते. तू खाली बस."

"वरून काय दिसणार? अकरा-बारा किलोमीटर उंच असतं ते."

"जन्मभर खालीच बसले मी. ओरडायला. वर काय असतं ते बघू दे."

म्हणून मी टॅबसमोर, काकी बाविसाव्या मजल्याच्या गच्चीवर, मध्ये मोबाइल. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दूर समुद्रावर, नकाशाच्या पार कडेला तो नंबर उमटला.

"काकी, इलां!" मी दादरची, मालवणी मला येत नाही. कसं तोंडात आलं कोण जाणे.

"खंय?"

"समुद्रावर. लांब आहे अजून. सदतीस हजार फूट."

"बोलत रहा."

मी बोलत राहिले. दोनशे किलोमीटर. दीडशे. शंभर. वसईच्या समोर. "आता वर बघा काकी, दहा त्रेचाळीस, आता अगदी डोक्यावर." फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. "दिसतंय का?"

त्या म्हणाल्या, "नाय. एक घार दिसते. तिच्या वर असेल ना ते?"

"तिच्या बरंच वर."

"बरं. जाऊ दे त्याला नीट." मग हळूच, "आपल्या अँटेनात आहे ना अजून?"

"आहे."

ठाणे गेलं, माळशेज गेला, नगर गेलं. अकरा वाजून दोन मिनिटांनी नंबर पुसट झाला आणि मग नकाशावर नुसती रेघ राहिली. काकी तोवर गच्चीवरच होत्या. खाली आल्या तेव्हा डोळे वाऱ्याने लाल झाले होते, म्हणजे त्यांनी तसं सांगितलं.

रविवारी सहाला फोन आला तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी थांबवून घेतलं आणि स्पीकर चालू केला.

"जेवलंस काय?"

"हो. बरी आहेस?"

काकींनी तळहाताकडे पाहिलं. गुरुवारच्या वेळेचे आणि उंचीचे आकडे त्यांनी तिथे पेनाने लिहून ठेवले होते. "दहा त्रेचाळीसला तू आपल्या घरावरून गेलीस. सदतीस हजार फूट. नगरपर्यंत होतीस."



"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी अँटेना लावलाय गच्चीवर. मी ऐकलं."

"तू लावलास?"

"मग काय. आधी आडवा लावला होता, बाबांसारखा. म्हणून तुझं काही येत नव्हतं." काकींनी श्वास घेतला. मला वाटलं, आता म्हणतील. तीन वर्षं अडकलेलं ते वाक्य आता येईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी मान खाली घातली. "रुपाली," एवढंच त्या म्हणाल्या.

"आई." मग नाक ओढल्याचा आवाज. "मी दर गुरुवारी पायलटच्या मागच्या सीटवर जाऊन बसते. खाली बघते. बंदर ओळखता येतं, शिवडीची खाडी कळते. लालबाग काही कळत नाही गं."

"पुढल्या गुरुवारी किती वाजता?"

"तीच वेळ." ती थांबली. "उशीर होणार असेल तर कळवीन."

काकींनी फोन ठेवला. खुर्चीचा हात धरून बसून राहिल्या. दारावरची पाटी त्या बसल्या होत्या तिथून दिसत नव्हती, तिच्या दोन स्क्रूंची टोकं तेवढी दारातून आत आलेली. मी चहाचं आधण ठेवायला उठले.

"अपूर्वा," त्या मागून म्हणाल्या, "महिना संपला ना? हितेंद्राक चावी इतक्यात देऊ नको."