पद्मपाणीच्या चेहऱ्यावरचं ऊन

ऐरोलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात जयमाला पाठारे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चित्रकलेच्या इतिहासावर बोलायच्या. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नोकरी, वाचन दांडगं, बोलणं रसाळ. पडद्यावर चित्र आलं की माणसं हातातला चहा विसरायची.

अजिंठ्यावर बोलताना एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभी होते, तेव्हा सकाळचं ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं." हॉल एकदम शांत झाला. जयमालाबाई अजिंठ्याला कधीच गेल्या नव्हत्या. पण ती शांतता त्यांना फार आवडली. मग घणसोलीत, वाशीत, जिथे बोलावतील तिथे त्या हेच सांगत गेल्या.

जानेवारीत संघाच्या सेक्रेटरी गीतांजली म्हणाल्या, "पाठारेबाई, बस ठरली. अजिंठा! सगळं तुम्हीच दाखवायचं." नाही म्हणायला कारण सुचेना.

पहिल्या लेण्यात चपला काढून आत शिरल्या तर अंधार. त्या आत्मविश्वासाने उजवीकडे गेल्या. तिथे दुसरंच चित्र होतं. पद्मपाणी डाव्या बाजूला, पार आतल्या भिंतीवर, मंद दिव्याखाली. मागे पस्तीस माणसं उभी.

"मॅडम, इथवर ऊन कसं येतं?" धम्मपाल कांबळेंनी विचारलं. तुर्भ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक व्याख्यानाला वही घेऊन बसणारे गृहस्थ. प्रश्नात खोच नव्हती.

खरं सांगायची वेळ तीच होती. जयमालाबाई म्हणाल्या, "तेव्हा दारात आरसा धरला होता कुणीतरी."

धम्मपालांनी मान डोलावली आणि मोबाइलच्या उजेडात ते लिहून घेतलं.

परतताना बस धाब्यावर थांबली. जयमालाबाई धम्मपालांच्या समोर जाऊन बसल्या. "एवढं लिहून काय करता?"

"नातीला वाचून दाखवतो, मॅडम. लहानपणी वडिलांनी आनलं होतं मला अजिंठ्याला. त्यांनाबी वाचता येत नव्हतं. समजावून सांगनारं कुनी नव्हतं. तुमी भेटलात."

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. "ते आरशाचं खोडा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी आजच पहिल्यांदा आलेय अजिंठ्याला."

धम्मपालांनी वही उघडून ती ओळ खोडली. "आनि ऊन?"

"तेही."

"ते तर मी तिला कधीच सांगून बसलो," ते म्हणाले, आणि चहाचा कप उचलून बाहेर गेले.

पुढच्या व्याख्यानाला जयमालाबाईंनी भर हॉलमध्ये कबुली दिली. कुणीतरी हसलं. गीतांजली म्हणाल्या, "अहो, एवढं काय त्यात? बोलताना होतं कधीकधी." त्या समजुतीने बाईंना आणखीच खाली पाहावंसं वाटलं.

धम्मपाल दोन महिने आले नाहीत. मग आले, नमस्कारही केला. आता ते मधेच हात वर करून अदबीने विचारतात, "हे कुठल्या पुस्तकात हाय, मॅडम?" जयमालाबाई पुस्तकाचं नाव सांगतात, पानही सांगतात. सांगताना त्यांच्याकडे पाहणं मात्र अजून जमत नाही.