देसाईकाकांच्या उशाजवळचा टॉर्च

टॉर्चवेड्या मंडळींनो, आज अल ऐनला आपल्या देसाईकाकांच्या घरी गेलो होतो. काका गेल्यावर काकू आता अमिरात सोडून कायमच्या पुण्याला निघाल्यात. सेलवाले टॉर्च कार्गोत घेत नाहीत, म्हणून त्यांनी सगळे मला दिले.

शेवटी काकांच्या उशाजवळचा टॉर्च पुढे केला. "हा टाकून दे. हे गेल्यापासून लागतच नाही."

चुकून लागू नये म्हणून आपण सगळेच मागचं झाकण जरा सैल ठेवतो. काकांनीही ठेवलं होतं. मी ते घट्ट केलं, बटण दाबलं. भिंतीवर त्यांचा आवडता पिवळसर उजेड पडला.

काकू बघत राहिल्या. "मी रोज दाबून बघत होते रे."

तो टॉर्च त्यांनी स्वतःच्या हँडबॅगेत ठेवला.

तुमच्या घरी कुणाला माहितीय का, झाकणाचं?