अंगण वाकडंच होतं

जत्रेत रिंग टाकून बक्षीस मिळवायचा खेळ असतो ना, त्याचा मला राग आहे आणि तो मी सोडणार नाही. लोक म्हणतात, अगं, खेळच तो, दोन घटका मजा. असेल तुमची मजा. माझ्या सासूचं घर त्या खेळापायी जाता जाता राहिलं.

आमचं गाव तिसगावपासून थोडं आत आहे. मी आणि नवरा नागापूरला राहतो, दोघंही एमआयडीसीत कामाला. सासू गावाकडे एकटी. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच रीत. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्रा, दारात शेवगा आणि दोन शेळ्या. ज्याला त्याला सांगत सुटावं असं त्यात काही नाही, पण ते तिचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आत्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सुधारला, उजवा हात तेवढा मागे राहिला. दवाखान्यात सांगितलं, हाताला काम द्या, काहीतरी फेकायला लावा. मी चेंडू आणून देते म्हटलं तर म्हणाली, "मी काय बारकी पोर हाय का?" आणि तिने चुंबळ घेतली. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती कापडाची गोल चुंबळ. रोज सकाळी अंगणात बसायची आणि पाच पावलांवर ठेवलेल्या कळशीच्या गळ्यात ती फेकायची. सुरुवातीला चुंबळ शेळीच्या पाठीवर पडायची. वर्षभराने दहातल्या सहा-सात गळ्यात बसायला लागल्या. मला फोनवर सांगायची, "आज सात. शेळी बी आता भ्येत न्हाई."

नवऱ्याचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एकटी आहे, पडली-झडली तर कोण बघणार? "आई, चल नागापूरला," हे त्याचं पालुपद. आणि तिचं ठरलेलं उत्तर, "तुमच्या त्या खोलीत मी काय भिंतीशी बोलू?" खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, आली तर बरं, डोक्याचा घोर जाईल. तिला काय वाटतं ते मी कधी नीट विचारलंच नाही.

यंदा गावच्या जत्रेला गेलो. पहिल्या दिवशी ऊन उतरल्यावर तिघं फिरत होतो. पाळण्यापलीकडे रिंगवाल्याचा तंबू होता. एका फळीवर लाकडी ठोकळे मांडलेले, प्रत्येक ठोकळ्यावर एक वस्तू. घड्याळ, अत्तराची बाटली, पावडरचा डबा, एक बॅटरी. दोरीच्या अलीकडून रिंग टाकायची. वस्तूसकट ठोकळ्यावरून उतरून ती खाली फळीला टेकली पाहिजे, तर वस्तू तुमची. काही तरणी पोरं आणि शाळेचे एक मास्तर आपला डाव संपवून रिकाम्या हाताने बाजूला होत होते. आत्या थांबली. बघितलं आणि हसलीच.

"ह्ये तर मी रोज करती की!"

नवरा म्हणाला, "आई, चल गं, फसवाफसवी असते ती."

पण तिला आता ईर्षा चढली होती. आजूबाजूला भावकीतले चार लोक उभे होते, त्यांच्या देखत ती त्याला म्हणाली, "हात बघायचा हाय ना तुला माझा? मग बघ. दहा रिंगा टाकती. एक जरी बसली, तर घर सोडायचं नाव काढायचं न्हाई, मी हितंच राहीन. न्हाई बसली, तर घाल मला गाडीत."

एकदा बोलली की बोलली. असली बाई आहे ती.

पहिल्या दोन लांबच गेल्या. तिसरी बॅटरीच्या ठोकळ्यावर बरोबर बसली असं वाटलं, आणि घसरून आमच्याकडे पडली. चौथी तशीच. पाचवी ठोकळ्याच्या कडेवर जरा डुगडुगली आणि पडली. पुढच्याही तशाच घसरत गेल्या. रिंगवाला तिकडून हसत होता. "आजी, सोपं आहे, हे बघा!" म्हणत तो पलीकडून रिंग अलगद ठोकळ्यावरून खाली सोडून दाखवायचा. दहावी पडल्यावर आत्या म्हणाली, "ठोकळ्यात काहीतरी हाय रे." तो म्हणाला, "आजी, नाचता येईना, अंगण वाकडं."

लोक हसले. आणि मी काय केलं? मी तिचा दंड धरला आणि म्हटलं, "आत्या, राहू द्या आता. हाताचं व्हायचं तेवढं झालं." हे माझ्या तोंडचे शब्द. आजही आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुंबळ खुंटीला होती. कळशी मोरीत. आत्या पत्र्याच्या पेटीत लुगडी भरत होती, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतला आहे. परात माझ्याकडे सरकवून म्हणाली, "भाकरी तूच कर बाई." शेळ्या शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. नवरा खूश व्हायला हवा होता, पण तोही पेटीकडे न बघता चहा पीत बसला.

मी पीठ मळायला घेतलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं.

मी कंपनीत माल तपासते. लोखंडी बुश येतात, म्हणजे मध्ये भोक असलेले गोल तुकडे. त्या भोकात गेज, म्हणजे मापाचा दांडा, घालून बघायचं. बसलं तर पास, अडलं तर तुकडा लाल पेटीत. एकोणीस वर्षं हेच करते. नवीन होते तेव्हा एकदा अख्खा क्रेट लाल पेटीत टाकला होता. एकही बुश बसेना. मी आपली ऐटीत, मशीनवाल्याला चार शब्द सुनावून आले. मग साहेब आले, माझं गेज हातात घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. गेज कधीतरी खाली पडलं होतं, कडेला बारीक टोक उठलं होतं. माल सगळा चांगला होता. साहेब एवढंच म्हणाले, "बाई, सगळेच नापास व्हायला लागले तर आधी आपल्या हातातलं गेज बघायचं." तेव्हापासून रोज सकाळी मी गेज तपासल्याशिवाय एका तुकड्याला हात लावत नाही.

आणि काल? काल सगळ्याच नापास होत होत्या. आत्याच्याच नाही, तिच्या आधीच्या त्या तरण्या पोरांच्या, त्या मास्तरांच्या, सगळ्यांच्या. आणि मी बघत काय बसले, तर सासूचा हात. ठोकळ्याकडे ढुंकून बघितलं नाही. एकोणीस वर्षांची नोकरी माझी, गेली चुलीत!

हात धुतले आणि म्हटलं, "आत्या, उठा. जत्रेत जायचं."

"कशाला? हसं करून घ्यायला?"

"तुम्ही उठा आधी."

नवरा मागोमाग आला. रिंगवाला नुकताच मांडामांड करत होता. मी दोरीखालून सरळ आत शिरले. "ओ बाई, ओ बाई!" म्हणत तो धावला, तोवर मी बॅटरी बाजूला ठेवून ठोकळा उचलला होता. वरच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोटाला लगेच कळलं. ठोकळ्याचं तोंड सपाट नव्हतं. त्याच्या बाजूला उंच, आमच्या बाजूला उतरतं. डोळ्याला दिसू नये म्हणून वर रंगीत कापड चिकटवलेलं. रिंग घालून बघितली तर ती जेमतेम उतरत होती, तीही दोन्ही हातांनी सपाट धरून, वरून सरळ सोडली तर. दोरीपलीकडून फेकलेली रिंग कधी अशी येते? ती उतारावर आपटणार आणि आपल्याकडेच घसरणार. दुसरा ठोकळा बघितला, तिसरा बघितला. सगळे तसेच.

"पोटावर पाय देता का, बाई?" तो म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा.

"पाय नाही देत. तू फक्त इकडे ये," मी म्हटलं. "दोरीच्या अलीकडे. जिथे माझी सासू उभी होती तिथे. आणि टाक दहा रिंगा. तू तर रोज टाकतोस."

तो टाळाटाळ करायला लागला. गिऱ्हाईक येतंय, भवानी व्हायचीय, जाऊ द्या. पण जत्रेत भांडणाचा वास सुटायला वेळ लागत नाही. गर्दी जमली. कालचे भावकीतले लोकही त्यात होते. कुणीतरी ओरडलं, "टाक की गड्या, सोपं हाय!" मग त्याला यावंच लागलं.

त्याने दहा टाकल्या. हात सराईत, एकही लांब गेली नाही. दहाच्या दहा ठोकळ्यावर पडल्या आणि दहाच्या दहा घसरून खाली आल्या. शेवटच्या तीन-चार वेळा गर्दीच मोजत होती. आत्या काठीवर रेलून बघत होती. दहावी पडली तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, अंगण वाकडंच हाय की रं."

एवढं हसू त्या जत्रेत दुसऱ्या कुठल्या तंबूसमोर झालं नसेल. मी मात्र हसले नाही. माझा राग उतरायला तयार नव्हता. मी त्याला म्हटलं, "आता मोठ्याने सांग, हात हिचा चुकला का तुझा ठोकळा?" तो मान खाली घालून म्हणाला, "ठोकळा." मी म्हटलं, "ऐकू आलं नाही." मग मोठ्याने म्हणाला. त्याने बॅटरी उचलून आत्यापुढे धरली, घ्या आजी म्हणून. आत्याने हात मागे घेतला.

"जिंकली असती तर घेतली असती. भीक नगं."

घरी आलो. पेटी दारातच होती, भरलेली. नवऱ्याने सवयीने ती उचलली, गाडीकडे दोन पावलं गेला.

"ठेव खाली," आत्या म्हणाली.

तो थांबला. वाईट माणूस नाही तो, आईला भितो आणि आईसाठीही भितो. हळूच म्हणाला, "पण आई, तुझ्या पहिल्या दोन तर खरंच लांब गेल्या होत्या. ठोकळ्याला लागल्यासुद्धा नाहीत."

 ते खरं होतं आणि मीही ते बघितलं होतं.

आत्या उंबऱ्यावर बसली. उजवा हात डाव्या हाताने उचलून गुडघ्यावर नीट ठेवला आणि म्हणाली, "व्हय. त्या दोन माझ्या. हात गेलाय माझा तेवढा, मला काय ठावं न्हाई? पर बाकीच्या आठ त्याच्या हायेत. माझ्या दोनासाठी मी घर सोडत न्हाई."

नवऱ्याने पेटी खाली ठेवली. मग आत नेऊन जागेवर सरकवली आणि शेजारणीकडून शेळ्या आणायला गेला.

आत्याने परात ओढली. मी मळून ठेवलेलं पीठ वाळलं होतं, तिने पाण्याचा हात लावून ते पुन्हा मळलं. वेळ लागला. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाली, तव्यावर टाकताना कड फाटली. तिने ती माझ्या ताटात टाकली आणि बघत बसली.

मी दोन खाल्ल्या आणि तिसरी मागितली.